राजा चांगला, सरदार वाईट!

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा संकेत आहे. फराळाच्या ताटात चकली असावी, करंजी असावी. कारल्याची फोड कोणी वाढत नाही. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावल्यावाचून आमच्या घरी कोणी फराळाला बसत नसे. माझा हा लेख तेवढा थेंब समजावा आणि मग खुशाल लाडवांकडे वळावे.

भांडण पहिल्याप्रथम माझे माझ्याशीच आहे. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. राज्य काल्पनिक, राजा काल्पनिक. तीत एका विधवेचे शेत गावचा सरदार बळकावतो. ती अनवाणी राजधानीला जाते, पहाटे राजवाड्याच्या दाराशी टाहो फोडते, राजा तिथल्या तिथे घोड्यावर मांड टाकतो आणि दिवस मावळण्याच्या आत सरदाराच्या हातांत बेड्या पडतात. हे प्रकरण वाचकांना फार आवडले. पत्रे आली. मी फुशारलो. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी त्या प्रकरणाचे नाटुकले बसवले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडल्यावर नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, ती बाई राजवाड्यापर्यंत पोचलीच नसती तर?"

मी म्हणालो, "अगं, पोचली म्हणून तर गोष्ट झाली."

"पण वेशीवर सरदाराचीच माणसं असतील ना?"

मी तिला नाटकाचे कपडे नीट घडी करून ठेवायला सांगितले. मास्तरला उत्तर सुचले नाही की तो काहीतरी काम सांगतो, हे आमच्या धंद्यातले गुपित आहे.

तोच प्रश्न मला पुढे इंग्लंडच्या इतिहासात भेटला. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिक झालेला, खडूने बोटे पांढरी झालेला मास्तर. वीस वर्षे फळ्यावर लिहून देत आलो की, दुसरा हेन्री हा मोठा न्यायप्रिय राजा, आणि १२१५ सालचा मॅग्ना कार्टा ही जनतेच्या हक्कांची सनद. मुलांनी ते पाठ केले, पाचांपैकी पाच गुण घेतले. आता सुटीत ग्रंथालयातली पुस्तके घरी आणून नीट वाचली, तेव्हा आपण काय शिकवत आलो या विचाराने कानकोंडे झालो. म्हणून हे लिहितो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : 'राजा चांगला, सरदार वाईट' ही समजूत म्हणजे जगातली सर्वांत किफायतशीर थाप आहे. किफायत अर्थात राजाची. 'वरच्यांना काही ठाऊक नसते हो, मधलेच खातात. एकदा मायबापांच्या कानावर गेले की न्याय झालाच समजा', हे आपण चावडीवर ऐकतो, ओसरीवर ऐकतो, आणि मान डोलावतो. ही समजूत पारखायला मध्ययुगीन इंग्लंडसारखी दुसरी जागा नाही. कारण तिथे राजाचा न्याय नुसता पोवाड्यात नव्हता. तिथे खरीखुरी न्यायालये होती, फिरते न्यायाधीश होते, दप्तरे होती. तिथेच जर ही समजूत टिकली नाही, तर ती टिकणार कुठे?

*

ज्याचे श्रेय त्याला द्यावे. दुसरा हेन्री ११५४ साली गादीवर आला तेव्हा देश यादवीने पोळला होता. सरदारांनी किल्ले बांधले होते, शेजाऱ्यांच्या जमिनी गिळल्या होत्या. हेन्रीने ११६६ च्या सुमारास एक युक्ती काढली, आणि ती खरोखर अजब होती. समजा, तुमच्या शेतावरून तुम्हाला कोणी हुसकावले. तुम्ही राजाच्या कचेरीतून एक आज्ञापत्र विकत घ्यायचे. त्याला म्हणत रिट. साध्या रिटवर मोहोर उठवायला सहा पेनी पडत. तेराव्या शतकात मजुराची रोजी पेनी-दीड पेनी असे. ते रिट परगण्याच्या शेरीफाकडे जाई. शेरीफ आसपासचे बारा भले लोक निवडी, ते शेत पाहून येत. मग राजाचा न्यायाधीश फिरतीवर आला की तो त्या बाराजणांना एकच गोष्ट विचारी : या माणसाला त्याच्या जमिनीवरून अन्यायाने आणि निवाड्यावाचून काढले की नाही? मुळात मालकी कोणाची, पणजोबांनी काय लिहून दिले होते, या भानगडीत शिरायचेच नाही. बाराजण 'होय' म्हणाले की शेत परत. मग काढणारा खुद्द त्याचा सरदार का असेना! ११७६ साली आणखी एक सोय झाली : बाप वारल्यावर सरदाराने मुलाला जमिनीवर येऊ दिले नाही, तर त्यालाही असेच रिट मिळू लागले.

कोणाही सज्जनाला आनंद व्हावा अशीच ही व्यवस्था. मलाही झाला. सरदाराच्या वाड्यातल्या न्यायसभेत सरदारच वादी, सरदारच न्यायाधीश. तिच्या डोक्यावरून उडी मारून गरिबाने थेट राजाकडे जावे, याहून काय हवे?

पण वाचकहो, न्यायाधीशाच्या त्या प्रश्नातला एक शब्द मी मघाशी गाळला. मुद्दामच गाळला, कारण शाळेच्या पुस्तकांतही तो गळालेला असतो. न्यायाधीश नुसते 'जमिनीवरून' असे विचारीत नसे. 'त्याच्या स्वतंत्र जमिनीवरून' असे विचारी. स्वतंत्र माणसाने स्वतंत्र हक्काने धारण केलेली जमीन. आणि देशातली निम्म्याच्या आसपास माणसे स्वतंत्र नव्हती.

ती होती व्हिलन. हसू नका. सिनेमात मिशीला पीळ देऊन नायिकेच्या मागे लागतो तो 'व्हिलन' आणि हा व्हिलन, मूळ शब्द एकच. गावंढ्या, जमिनीला बांधलेला कुळवाडी, हा त्याचा मूळ अर्थ. ज्याला लुटले त्याचेच नाव पुढे लुटारूला मिळाले, कारण शब्दांना अर्थ देणारे लोक वाड्यांत राहत होते.

हा व्हिलन आठवड्यातले दोन-तीन दिवस सरदाराच्या शेतात वेठीला राबे. हंगामात वर आणखी वेठ. मुलीचे लग्न करायचे तर सरदाराला पैसे भरायचे. घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर सरदाराच्या गोठ्यात जायचे. दळण सरदाराच्याच गिरणीत दळायचे आणि त्यातला वाटा तिथेच ठेवायचा. आणि गाव सोडून जायचे तर परवानगी हवी. त्याचा जीव घेऊ नये, त्याला लुळापांगळा करू नये, एवढे राजाचा कायदा सरदाराला बजावत असे. तिऱ्हाइताविरुद्ध त्याला राजाच्या न्यायालयात जाताही येई. फक्त एकाच माणसाविरुद्ध जाता येत नसे : ज्याचा त्याला रोज जाच होता त्याच्याविरुद्ध!

कसे ते पाहा. व्हिलन रिट घेऊन न्यायालयात उभा राहिला, तर सरदाराने एवढेच म्हणायचे : 'हा माझा व्हिलन आहे.' ते सिद्ध झाले की दावा तिथेच संपला. शेत हिसकावले की नाही, हे मग विचारायचेच नाही. आणि ते सिद्ध कसे व्हायचे? मुलीच्या लग्नाचे पैसे भरतोस ना? मग तू व्हिलन. उद्या कोणते काम पडणार हे तुला आज रात्री ठाऊक नसते ना? मग तू नक्कीच व्हिलन! म्हणजे गाऱ्हाण्यातले प्रत्येक कलम हाच सरदाराच्या बाजूचा पुरावा. पाठीवर जितके वळ जास्त, तितका दावा कमजोर. वैद्याकडे जावे आणि वैद्याने म्हणावे, 'तुला ताप आहे, म्हणून औषध मिळणार नाही,' तसली ही तऱ्हा.

इथे कोणी म्हणेल, व्हिलन राजाने थोडेच निर्माण केले? ते आधीपासूनच होते. कबूल. पण पूर्वी गावात कोणी थोडा बांधलेला, कोणी जास्त, कोणी नावापुरता, असा घोळ होता. राजाच्या न्यायालयाला घोळ चालत नाही. रिट मिळायचे कोणाला आणि नाही कोणाला, हे ठरवायचे तर मध्ये रेघ मारायलाच हवी. ती रेघ राजाच्या न्यायाधीशांनी मारली, आणि दर खटल्यागणिक ती अधिक ठळक केली. रेघेच्या अलीकडच्यांसाठी दार उघडले हे खरे. पण त्याच वेळी पलीकडच्यांसाठी भिंत उभी राहिली. दार आणि भिंत एकाच गवंड्याने बांधली. आम्ही मास्तर मुलांना दार तेवढे दाखवत आलो.

*

आता मॅग्ना कार्टा. त्याचे चाळिसावे कलम जगप्रसिद्ध आहे : आम्ही न्याय कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबणीवर टाकणार नाही. वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच कागदावर सहाच कलमे वर चौतिसावे कलम आहे. त्याचा आशय असा की, ज्यामुळे एखाद्या स्वतंत्र माणसाची स्वतःची न्यायसभा बुडेल असे एक विशिष्ट रिट यापुढे राजाने काढू नये. न्यायसभा असणारा हा स्वतंत्र माणूस कोण? अर्थात सरदार! म्हणजे चाळिसाव्या कलमात न्याय मागणारा आणि चौतिसाव्या कलमात न्यायाची वाट अडवणारा, दोन्ही तोच. आणि निवाड्यावाचून कोणाला पकडू नये असे सांगणारे एकोणचाळिसावे कलमही स्वतंत्र माणसापुरतेच. विसाव्या कलमात व्हिलनची आठवण ठेवली आहे : राजाने दंड केला तर त्याची शेतीची साधने सोडावीत. बैल सोडावा, नांगर सोडावा. का? नांगर गेला तर सरदाराच्या शेतात राबणार कोण?

पुढे १३५४ सालच्या एका कायद्यात 'स्वतंत्र माणूस' या जागी 'कोणत्याही दर्जाचा माणूस' असे शब्द आले, हे मी लपवत नाही. शब्द आले, भले झाले. पण त्यानंतर सत्तावीसच वर्षांनी त्या शब्दांची काय किंमत होती हे कळून चुकले. त्याकडे येतोच.

*

त्याआधी चेशर परगण्यातल्या डार्नहॉल नावाच्या गावाची हकीकत सांगितली पाहिजे. कादंबरीकार म्हणून सांगतो, हा प्रसंग मला सुचला नसता.

डार्नहॉल हे राजाच्या मालकीचे गाव होते. पहिल्या एडवर्डने ते एका मठाला दान केले. हा मठ त्याने स्वतःच स्थापला होता. पुढे तो जवळच व्हेल रॉयल इथे हलला. गाव मठाकडे जाताच महंतांनी गावकऱ्यांवर वेठ आणि पट्ट्या लादल्या. गावकरी म्हणाले, आम्ही असले काही देणे लागत नाही. १२७५ च्या सुमारास ते उठले आणि राजाकडे निघाले. जाताना त्यांनी बरोबर काय घेतले? आपल्या नांगरांचे लोखंडी फाळ!

वाचकांतल्या शेतकऱ्यांना सांगायला नको, फाळ काढून घेतला की नांगर म्हणजे नुसते लाकूड. त्यांना राजाला काय सांगायचे होते? 'तूच ठेव आता हे, आम्ही नांगरणार नाही,' असे, की 'ही आमची जिंदगी, हिचा निवाडा कर,' असे? ही हकीकत मठाच्याच वहीत लिहिलेली आहे आणि मठाच्या वहीला गावकऱ्यांच्या मनातले लिहून ठेवण्याची गरज वाटली नाही. राजाचे उत्तर मात्र तिने नोंदले आहे : व्हिलन म्हणून आलात, व्हिलन म्हणूनच परत जाल.

ते फाळ घेऊन परत गेले. त्या परतीच्या वाटेवर कोण काय बोलले असेल, याचा विचार करताना माझी एक रात्र गेली.

पण हे लोक चिवट! साठ वर्षे गेली, आजोबांचे गाऱ्हाणे नातवांच्या तोंडी आले. १३३६ साली त्यांनी पुन्हा उठाव केला. पहिल्या एडवर्डचा नातू तिसरा एडवर्ड गादीवर होता. त्यांनी राजाकडे अर्ज केला, पार्लमेंटपुढे अर्ज केला, राणी फिलिपाचे पाय धरले. वाटेत त्यांना चोर म्हणून तुरुंगातही डांबले. शेवटी रटलंड परगण्यात राजाकडून परतणाऱ्या महंतावर त्यांनी रस्त्यात हल्ला केला आणि त्यात महंताचा एक नोकर बाणाने मेला. हे वाईट झाले, मी त्याचे समर्थन करीत नाही. पण ज्याला तीन दरवाजांवरून परत पाठवले, तो चौथ्यांदा रस्त्यावर उभा राहतो, याचे आश्चर्यही मानीत नाही. शेवट ठरलेलाच : शपथेवर कबूल करावे लागले की आम्ही आणि आमची मुलेबाळे व्हिलन. कित्येक रविवार ते मठाच्या देवळात उघड्या डोक्याने, अनवाणी उभे राहिले, आणि ताबेदारीची खूण म्हणून मेणबत्त्या वाहत राहिले.

ज्या राजाने गाव दान दिले, त्याच्याकडेच दानाविरुद्ध दाद मागायची! डर्बीशरमधल्या मिकलओव्हरच्या लोकांचे १२८० च्या सुमारास असेच झाले. तेही बर्टनच्या मठाविरुद्ध राजाकडे गेले, तेही हरले, आणि महंतांनी त्यांना ऐकवले की तुमच्या मालकीचे तुमच्या पोटापलीकडे काहीही नाही. बाकी सर्व मठाचे.

याच पहिल्या एडवर्डने सरदारांनाही दरडावले होते, हे सांगायला हवे. १२७८ पासून त्याने एकेकाला न्यायाधीशांपुढे उभे करून विचारले : बाजार भरवण्याचा, न्यायसभा घेण्याचा, फाशी देण्याचा अधिकार तू कोणत्या आधाराने वापरतोस? सनद दाखव. या चौकशीला 'को वॉरंटो' म्हणत. शिकवायला मोठा रंगतदार भाग. पण ती सबंध चौकशी चाळली तरी एक प्रश्न सापडायचा नाही : माणसे कोणत्या आधाराने बाळगतोस? राजाला सरदारांच्या हातून आपले अधिकार सोडवायचे होते. माणसे सोडवायची नव्हती.

*

एक फट मात्र राहिली होती. १०६६ साली जी गावे राजाच्या मालकीची होती, ती पुढे कोणाही सरदाराकडे गेली तरी तिथल्या कुळांवर जुन्या वहिवाटीपेक्षा जास्त बोजा टाकायचा नाही, असा नियम होता. टाकला तर त्यांना राजाचे खास रिट मिळे. मग गाव जुने राजाचे की नाही हे ठरायचे कशावरून? १०८६ साली विजेत्या विल्यमने देशभर पाहणी करून एक वही तयार केली होती. गावोगावची जमीन, नांगर, गिरण्या, माणसे, सगळे लिहून घेतले होते. कर बसवायला सोयीचे जावे म्हणून. लोकांनी तिला नाव ठेवले 'डूम्सडे', कयामतीच्या दिवसाची वही. तिच्यापुढे अपील नाही म्हणून.

आता गंमत पाहा. वही होऊन तीनशे वर्षे होत आली, आणि १३७७ साली दक्षिण इंग्लंडमधली चाळिसांहून अधिक गावे राजाच्या दप्तरापुढे उभी राहिली. गावोगाव वर्गणी जमली, वकील धरले, पैसे मोजून डूम्सडे वहीतल्या आपापल्या गावाच्या नोंदींच्या मोहोरबंद नकला काढून घेतल्या. आणि गावी येऊन सांगितले : राजाच्याच वहीत लिहिले आहे, आजपासून वेठ बंद! निरक्षर माणसांनी राजाचा कागद राजापुढे धरला. आमच्यातले कित्येक पदवीधर सातबाराचा उतारा काढायला कचरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग राजाच्या न्यायाने काय केले? वही उलटली. वहीत गाव कोणाचे एवढेच आहे, वेठ माफ असे कुठे आहे? आणि बहुतेक गावे तर जुनी राजाची नव्हतीच, असा निकाल लागला. इथवर ठीक, कायद्याचा अर्थ तसा होत असेल. पण पार्लमेंट तेवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी कायदा झाला की असल्या नकलांचा काही उपयोग होणार नाही, आणि त्यांच्या जोरावर काम नाकारणाऱ्यांना व त्यांना सल्ला देणाऱ्यांना तुरुंगात टाकावे. पैसे घेऊन नक्कल द्यायची, आणि ती वाचून दाखवली की कोठडीत टाकायचे!

राजाचे न्यायाधीश खेड्यात पोचत नसत, अशी सबब कोणी सांगेल. चांगले पोचत. १३४८-४९ च्या महामारीत देशातली माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. राबणारे हात कमी झाले, मजुरी वाढली. तेव्हा राजाने काय केले? १३४९ साली हुकूम आणि १३५१ साली कायदा काढून मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर गोठवली, आणि जास्त मागणाऱ्याला शिक्षा ठोठवायला गावोगाव न्यायाधीश धाडले. शंभर वर्षे व्हिलनला ज्याचा उंबरठा ओलांडता आला नव्हता, तो राजाचा न्याय आपल्या पायांनी त्याच्या झोपडीत आला. त्याचा पगार कापायला!

*

आणि तरीही, वाचकहो, १३८१ साली केंट आणि एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून आले, तेव्हा त्यांची परवलीची घोषणा राजाच्या नावाची होती. राजा रिचर्ड आणि त्याची खरी प्रजा! राजा दुसरा रिचर्ड, वय वर्षे चौदा. त्यांना वाटले, पोर निर्मळ आहे, सल्लागार नासके आहेत. १४ जूनला माइल एंडच्या मैदानात राजा त्यांना भेटला. त्यांनी मागितले, व्हिलनपण रद्द कर आणि जमिनीचा खंड एकराला चार पेनी ठरव. राजा 'होय' म्हणाला. कारकून बसवून सनदा लिहू लागला. कित्येकजण सनद कनवटीला लावून आनंदाने घरी गेले. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्डला त्यांचा पुढारी वॉट टायलर राजाच्या डोळ्यांदेखत मारला गेला. एसेक्सच्या लोकांनी मग राजाला सनदांची आठवण दिली, तेव्हा उत्तर आले की तुम्ही दास होता आणि दासच राहाल. शंभर वर्षांपूर्वी डार्नहॉलला मिळाले तेच! २ जुलैला सनदा रद्द झाल्या. बंडखोरांनीही निरपराध माणसे मारली, लंडनमधल्या फ्लेमिश लोकांची कत्तल केली. तो डाग पुसता येत नाही. पण सनद देऊन मोडणाऱ्या हाताचा डाग शाळेच्या पुस्तकात का छापत नाहीत?

सेंट ऑल्बन्सची गोष्ट सांगतो आणि आटपतो. तिथल्या महंताचाही गिरणीचा मक्ता होता. लोक घरात चोरून जात्यावर दळत. रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड नावाचा एक महंत, मोठा ज्योतिषी, आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणारे नामांकित घड्याळ करणारा, त्याने १३३० च्या सुमारास घराघरांतली जाती जप्त केली. आणि त्यांचे केले काय? आपल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवली! जात्यावर पहाटे ओव्या म्हणणाऱ्या आयांची आपण लेकरे; दुसऱ्याचे जाते पायाखाली तुडवणे म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

पन्नास वर्षांनी, १३८१ च्या जूनमध्ये, सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉब याच्या मागोमाग लंडनला गेले आणि महंताच्या नावे राजाचे पत्र घेऊन आले : यांचे जुने हक्काचे कागद यांना द्या. पत्र खरे, मोहोर खरी. त्यांना एक सनद हवी होती. ऑफा नावाच्या प्राचीन राजाने दिलेली, एक मोठे अक्षर सोनेरी, एक निळे, अशी म्हणे ती होती. तसली सनद मठात निघाली नाही. बहुधा ती कधी नव्हतीच. तेव्हा त्यांनी बैठकीच्या खोलीत शिरून जमिनीतली जाती उखडली, फोडली आणि प्रत्येकाने प्रसादाच्या तुकड्यासारखा एकेक तुकडा घरी नेला.

महिना उलटायच्या आत राजा स्वतः सेंट ऑल्बन्सला आला. बरोबर मुख्य न्यायाधीश ट्रेझिलियन. १५ जुलैला ग्रिंडकॉब फासावर गेला. अखेर राजा त्यांच्या गावात पोचला तो असा!

*

आता दोन आक्षेपांना उत्तर देऊन रजा घेतो.

पहिला : 'काळच तसा होता.' हे वाक्य मी स्वतः वर्गात शेकडो वेळा उच्चारले आहे. पण फाळ खांद्यावर टाकून निघालेले लोक कोणत्या काळातले होते? त्याच ना? काळ तसा होता, असे वाड्यातल्यांना वाटत होते. झोपडीतल्यांना साठ-साठ वर्षे वाटत नव्हते. काळाची साक्ष काढायची तर दोन्ही घरांतून काढा.

दुसरा आक्षेप माझे काही जहाल मित्र घेतात : 'मग हे लोक मूर्खच म्हणायचे. राजाकडे गेलेच कशाला?' नाही, ते मूर्ख नव्हते. कोर्टकचेरी, वकील, वर्गणी, नक्कल, साक्ष, हे सगळे त्यांनी मठांविरुद्ध, सरदारांविरुद्ध वापरायला शिकून घेतले. व्हिलनपण पुढे मेले ते कोणा राजाने एका हुकुमाने मारले म्हणून नव्हे. माणसे दुर्मीळ झाली, ती गाव सोडून जाऊ लागली, वेठ नाकारू लागली, आणि जमिनी खंडाने द्याव्या लागल्या, म्हणून ते झिजत झिजत मेले. न्याय राजाने दिला नाही; पण तो मागण्याची सवय या लोकांनी मोडू दिली नाही. माझे भांडण मागणाऱ्यांशी नाहीच. राजा देईल म्हणून घरी बसा, असे सांगणाऱ्यांशी आहे. त्यांत मी आलो, माझी कादंबरी आली.

'रिट' हा शब्द आज आपल्या घटनेच्या ३२ व्या आणि २२६ व्या कलमांत आहे. 'को वॉरंटो'सुद्धा आहे. हेन्रीच्या आणि एडवर्डच्या कचेऱ्यांतून निघालेले ते शब्द इतक्या शतकांनी आपल्या दाराशी आले आहेत, आणि आता ते कोणाही माणसासाठी आहेत. मध्ये रेघ नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे डार्नहॉलच्या लोकांना विचारावे! पण म्हणूनच वेशीवर कोण उभे आहे, हे पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे. कागदावरची रेघ पुसली तरी वेशीवरची माणसे हटतातच असे नाही.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. ते प्रकरण मी बदलले आहे. बाई निघते, वेशीवर सरदाराची माणसे तिला अडवतात, ती परत येते. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शेजारीण निघते, तिसऱ्या दिवशी अर्धी आळी. राजा त्या प्रकरणात येतच नाही. प्रकाशक म्हणतात, वाचकांना हे आवडणार नाही, टाळ्या पडणार नाहीत. न पडोत. त्या मुलीचे शाळेचे शिक्षण कधीच संपले. आज ती कुठे आहे, ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडला तर तिला एवढेच सांगायचे आहे : पोरी, तुझे बरोबर होते. वेशीवर त्याचीच माणसे होती.